चालून जाण्याइतकी जागा

न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर, भर महासागरात चॅटम बेटं आहेत. त्यांतल्या मांगेरे नावाच्या बेटाचं क्षेत्रफळ जेमतेम ११३ हेक्टर आहे. कड्याकपारींचं, सतत वाऱ्याने झोडपलेलं हे बेट. तिथे गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली एक वनस्पती वाढते, ॲसिफिला डिफेनबाखी. निळसर करड्या, बारीक चिरल्यासारख्या पानांचे तिचे ताटवे बेटावर विखुरलेले असतात. एक इथे, एक तिथे, आणि मध्ये गवत किंवा झुडपं.

रात्र झाली की या झाडांच्या बुंध्याशी हालचाल सुरू होते. दिवसभर मातीत आणि वाळक्या पानांत दडून बसलेला, सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचा एक भुंगा बाहेर पडतो. रंग मातकट तपकिरी. तोंडापुढे जाड, खाली वाकलेली सोंड. पाठीवर काट्यांसारख्या उंचवट्यांच्या रांगा. पायांनी धरत धरत तो देठावर चढतो, पानाच्या कडेला येतो आणि सोंडेच्या टोकाशी असलेल्या जबड्यांनी कड कुरतडायला लागतो. सकाळी पानाला खाचा पडलेल्या दिसतात, खाणारा दिसत नाही. त्याच्या अळ्या मातीखाली याच झाडाची मुळं खात असतात. वरून बाप खातो, खालून लेकरू. आयुष्यभर दोघांचं अन्न हेच.

या भुंग्याचं शास्त्रीय नाव हॅड्रॅम्फस स्पायनिपेनिस. स्थानिक इंग्रजी बोलीत त्याला कॉक्सेला भुंगा म्हणतात, कारण त्याच्या झाडाचं जुनं शास्त्रीय नाव कॉक्सेला होतं. त्याला उडता येत नाही. जगात तो फक्त चॅटमच्या दोनचार लहान बेटांवर उरला आहे.

१९९०च्या दशकात कॅटरिन शॉप्स या संशोधिकेने मांगेरेवर या भुंग्याचा आणि त्याच्या झाडाचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून जे दिसलं ते दुर्मिळ प्राण्यांविषयीच्या आपल्या नेहमीच्या समजुतीला धक्का देणारं होतं. दुर्मिळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुबळा, कमी खाणारा, कसाबसा तग धरून असलेला जीव येतो. कॉक्सेला भुंगा तसा नाही. एखाद्या ताटव्यात त्यांची संख्या वाढली की ते तो ताटवा अक्षरशः संपवतात. पानं जातात, फुलोरे जातात, मुळं जातात, झाडं मरतात. मग भुंग्यांना तिथून निघावं लागतं. पंख नाहीत, म्हणून चालत. दुसरा ताटवा सापडला तर वंश पुढे चालतो, नाही सापडला तर तिथेच संपतो. मागे उजाड झालेल्या जागी मातीतल्या किंवा आसपासहून आलेल्या बियांमधून पुन्हा रोपं उगवतात. ती वाढतात, आणि काही वर्षांनी एखादा भुंगा चालत चालत तिथे पोचतो.

म्हणजे या भुंग्याला जगण्यासाठी भरलेला ताटवा जितका लागतो तितकाच रिकामा ताटवाही लागतो. आज जिथे एकही भुंगा नाही अशी झाडं त्याच्या उद्यासाठी गरजेची आहेत. त्याच्याविषयी मला जे सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच. पण ते पटण्यासाठी आधी त्याचं घराणं पाहावं लागेल.

घराणं आपल्या ओळखीचं आहे. तांदूळ निवडताना सुपात दिसणारे सोंडे हे याच कुळातले. नारळाच्या माडात शिरून तो आतून पोखरणारा सोंड्या भुंगाही याच कुळातला. कोकणातला बागायतदार त्याला गेंड्या भुंग्यापासून बरोबर वेगळा ओळखतो, कारण गेंड्या शेंड्यावर हल्ला करतो आणि सोंड्या खोडात घर करतो. हापूसच्या कोयीत निवांत बसलेला काळपट भुंगाही यांचाच भाऊबंद. अमेरिकेने भारतीय आंब्याला अनेक वर्षं दार बंद ठेवलं, त्यामागच्या कारणांत या कोयीतल्या भुंग्याचा मोठा वाटा होता. २००७मध्ये आंबा तिकडे जाऊ लागला तो लासलगावच्या केंद्रात त्यावर विकिरणाची प्रक्रिया करूनच.

सोंडकिड्यांच्या या कुळात आजवर नोंदलेल्या जातींची संख्या ५० हजारांच्या वर आहे. पृष्ठवंशी प्राण्यांतलं कुठलंही कुळ याच्या जवळपासही पोचत नाही. यशाचं गमक त्या सोंडेत आहे. हत्तीची सोंड म्हणजे लांबलेलं नाक आणि ओठ. इथे मात्र डोक्याचा पुढचा भागच लांब झालेला असतो, आणि जबडे असतात अगदी टोकाला. सोंडेच्या मध्याजवळून दोन स्पर्शिका निघतात आणि कोपरात वाकतात, त्यामुळे सोंड खोल घातली तरी त्या दुमडून बाजूला राहतात. तांदळातली मादी दाण्याला सोंडेने भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि तोंडावर चिकट द्रावाचं बूच बसवते. दाणा बाहेरून धड दिसतो. अळीचं बालपण, कोष, सगळं आत. प्रौढ किडा बाहेर पडतो तेव्हाच आपल्याला भोक दिसतं. फळ, बी, देठ, खोड, मूळ अशी झाडाची जी जी बंद खोली आहे, तिचं कुलूप या कुळातल्या कुणी ना कुणी उघडलेलं आहे.

सोंड्याची आणखी एक सवय निवडणाऱ्याच्या लक्षात आलेली असते. बोट लावलं की तो पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो. थोडा वेळ थांबलं की सावकाश पाय सोडतो आणि चालू लागतो. मेल्याचं सोंग घेणं ही या घराण्याची जुनी युक्ती. ती पुढे आपल्या कथेत महत्त्वाची ठरणार आहे.

आता पंखांकडे वळू. भुंग्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. वरची जोडी कठीण, ढालीसारखी. खालची पातळ, उडण्याची. उडणारा भुंगा वरचे पंख उघडतो आणि खालचे पसरतो. न उडणाऱ्या सोंडकिड्यांत खालचे पंख आखडून गेलेले असतात, किंवा नसतातच. वरचे दोन पंख मधल्या रेषेवर एकमेकांत इतके घट्ट गुंतलेले असतात की ते उघडतच नाहीत. पाठ एक अखंड पेटी बनते.

बेटांवरचे कीटक उडणं का सोडतात हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. मदेरा बेटांवरचे भुंगे व्हर्नन वोलॅस्टनने जमवले आणि अभ्यासले होते. १८५९च्या आपल्या ग्रंथात डार्विनने त्याचे आकडे दिले: मदेराच्या ५५० जातींपैकी २०० जातींचे पंख उडण्याच्या कामाचे नाहीत. डार्विनने कारण दिलं ते वाऱ्याचं. छोट्या बेटावर जो जास्त उडतो तो समुद्रात फेकला जातो. जो आळशी आणि जमिनीला धरून राहतो त्याची पिलावळ वाढते. त्याच्यानंतर अनेकांनी ही कल्पना फार सोपी म्हणून बाजूला सारली. २०२०मध्ये अंटार्क्टिकाभोवतालच्या बेटांवरच्या कीटकांचा हिशेब मांडणारा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि वाऱ्याचा वाटा खरोखरच मोठा आहे असं त्यात दिसलं. वारा एकटा मात्र नाही. उडण्याचे स्नायू वाढवणं आणि पोसणं फार महाग पडतं. ते सोडले तर तेवढी शक्ती अंड्यांकडे वळवता येते. अन्न पायाखाली असेल, हवामान फार बदलत नसेल, तर उडण्याची गरज उरत नाही. न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवर, डोंगरमाथ्यांवरही न उडणारे सोंडकिडे भरपूर आहेत. तेव्हा बेट म्हणजे पाण्याने वेढलेला तुकडाच असावा लागतो असं नाही. थंड प्रदेशातल्या कोठारांमध्ये राहणारा धान्यातला एक सोंडा, तांदळातल्या सोंड्याचा सख्खा चुलतभाऊ, असाच उडणं सोडून बसला आहे. कोठारात अन्न संपत नाही आणि माणूस धान्याबरोबर त्याला दुसऱ्या कोठारात नेतोच. त्याच्या बाबतीत पाय आपले.

जाड, बंद पेटीसारख्या पाठीचा फायदाही मोठा आहे. अंगातला ओलावा टिकतो आणि शत्रूला चावता येत नाही. तैवानच्या आग्नेयेला लान्यू नावाचं बेट आहे. तिथे पॅचिरिंकस प्रजातीचे न उडणारे सोंडकिडे राहतात, काळ्या अंगावर निळे, हिरवे चकाकते ठिपके असलेले. संशोधकांनी ते तिथल्या सरड्यांसमोर ठेवले. सरड्यांनी तोंडात घेतलेला पूर्ण पक्व भुंगा थुंकून टाकला, इतकं त्याचं कवच टणक. नुकताच कोषातून निघालेला, अजून मऊ असलेला भुंगा मात्र खाल्ला गेला.

याच भुंग्यांनी आणखी एका कोड्याचं उत्तर दिलं. उडता येत नाही तर हे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेले कसे? चॅटम बेटं तर भूवैज्ञानिकांच्या मते गेल्या काही दशलक्ष वर्षांतच समुद्रातून वर आली असावीत. मग तिथला भुंगा तिथे जन्मापासून नसणारच, कुठून तरी आलेला असणार. बंद पाठीखाली हवा राहत असल्याने पॅचिरिंकस पाण्यावर तरंगतो, पण समुद्राच्या पाण्यात प्रौढ भुंगा फार काळ जगत नाही. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच्या अळ्यांकडे लक्ष दिलं गेलं. आपल्या समुद्रफळाच्याच प्रजातीतलं, किनाऱ्यावर वाढणारं एक झाड आहे, बॅरिंग्टोनिया एशियाटिका. त्याची फळं लाटांवर दूरदूर जातात. त्या फळांत राहणाऱ्या काही अळ्या खाऱ्या पाण्यात सहा दिवस काढूनही जिवंत राहिल्या. त्या बेटाजवळून वाहणाऱ्या कुरोशिओ या समुद्रप्रवाहाच्या वेगाने सहा दिवसांत बरंच अंतर कापता येतं. चॅटमच्या भुंग्याचे पूर्वज नेमके कशावर बसून आले ते पाहायला कुणी नव्हतं, पण मुळांत किंवा खोडात लपलेली अळी पुरात वाहून गेलेल्या झाडाबरोबर प्रवास करू शकते हे आता केवळ तर्काचं राहिलेलं नाही.

हॅड्रॅम्फस या प्रजातीत चारच जाती आहेत, चारही न्यूझीलंडच्या. चॅटमची आपण पाहिली. दुसरी उत्तरेकडच्या पुअर नाइट्स बेटांवर कारो नावाच्या झाडावर जगते. तिच्याविषयी इतकंच म्हणतो की त्या बेटांवर उंदीर नाहीत, म्हणून ती आहे. तिसरी आणि चौथी यांच्या कथा मात्र सविस्तर सांगायला हव्यात.

तिसरी, हॅड्रॅम्फस स्टिल्बोकार्पी, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या बेटांवरची. ती पुनुईसारख्या मोठ्या पानांच्या वनस्पतींवर राहते. स्ट्युअर्ट बेटाच्या नैर्ऋत्येला टाउकिहेपा नावाचं बेट आहे. तिथे माओरी कुटुंबं दरवर्षी मटनबर्ड नावाच्या समुद्रपक्ष्यांची पिल्लं गोळा करायला जातात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जहाजांबरोबर उंदीर पोचले. १९६४ साली त्यांचा सुळसुळाट झाल्याचं लक्षात आलं. तिथे उरलेल्या सॅडलबॅक पक्ष्यांपैकी ३६ पक्षी उचलून दुसऱ्या बेटांवर नेले गेले आणि ती जात वाचली. बुश रेनचे सहा पक्षी हलवले, पण ते टिकले नाहीत. तिथला पाणलावा गेला. मोठ्या आखूड शेपटीच्या वटवाघळाची शेवटची खात्रीची नोंद १९६७ची. पक्ष्यांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. त्या बेटावरचा हॅड्रॅम्फसही याच लाटेत नाहीसा झाला, हे कीटकतज्ज्ञांनी नंतर नोंदवून ठेवलं.

उंदरापुढे भुंग्याची कुठलीच युक्ती चालत नाही. न्यूझीलंडमध्ये माणूस येण्याआधी जमिनीवर शिकार करणारे सस्तन प्राणी जवळजवळ नव्हते. भुंग्याचा शत्रू म्हणजे पक्षी आणि सरडे, आणि पक्षी नजरेने शिकार करतो. रात्री हिंडणं, मातीच्या रंगाचं असणं, धक्का लागला की खाली पडून निपचित राहणं, हे सगळं नजरेला फसवण्यासाठी. उंदीर रात्रीच हिंडतो आणि वासाने शोधतो. त्याच्यासमोर मेल्याचं सोंग घेऊन पडलेला दोन सेंटिमीटरचा भुंगा म्हणजे जागेवर वाढून ठेवलेलं ताट.

मात्र उंदीर काढता येतात. फिओर्डलँडच्या किनाऱ्यावरच्या १७० हेक्टरांच्या ब्रेकसी बेटावर १९८८ साली विषारी आमिषं वापरून उंदीर पूर्णपणे संपवले गेले. एवढ्या मोठ्या, खडबडीत बेटावर असं काही जमेल यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. मग १९९१मध्ये शेजारच्या उंदीरमुक्त बेटावरून तिसऱ्या जातीचे हे भुंगे तिथे नेऊन सोडण्यात आले. भुंगे उचलून न्यायचे आणि रिकाम्या बेटावरच्या योग्य झाडांपाशी सोडायचे. कॉक्सेला भुंगा जे स्वतःच्या पायांनी करतो, तेच माणसाने त्याच्या चुलतभावासाठी समुद्र ओलांडून केलं.

चौथ्या जातीसाठी समुद्र ओलांडायची गरज नाही. हॅड्रॅम्फस ट्यूबरक्युलेटस दक्षिण बेटावरच्या कँटरबरीच्या मैदानांतली. लांबी साधारण दीड सेंटिमीटर, पाठीवर काट्यांऐवजी गोलसर गाठी. पॅस्को नावाच्या कीटकतज्ज्ञाने १८७७ साली तिचं वर्णन केलं. त्या काळी ती सखल मैदानांत आणि बँक्स द्वीपकल्पावर सापडत असे. तिचं झाड म्हणजे टारामेआ. हीसुद्धा ॲसिफिलाच, पण चॅटमच्या मऊ पानांच्या बहिणीहून अगदी निराळी. तिची पानं कठीण, टोकदार भाल्यांसारखी. बुंध्याजवळ हात घातला तर रक्त निघतं. माओरी लोक तिच्या राळेपासून सुगंधी द्रव्य करत. हे भाले मोआपासून बचावासाठी तयार झाले असावेत असा एक तर्क आहे. मोआ म्हणजे न्यूझीलंडचे प्रचंड, न उडणारे पक्षी, सुमारे ६०० वर्षांपूर्वी नामशेष झालेले. चॅटम बेटांवर मोआ कधी नव्हते, आणि तिथल्या ॲसिफिलाला काटे नाहीत. मला हा तर्क पटतो. काटे नसल्याची किंमत चॅटमच्या झाडाने मेंढ्या आल्यावर मोजली. जिथे मेंढ्या, डुकरं पोचली तिथे ते कड्यांवर तेवढं शिल्लक राहिलं आणि भुंगाही त्याच्याबरोबर आकसला. मांगेरेवरूनही शेवटच्या मेंढ्या १९६८ साली काढल्या गेल्या, त्यानंतरच झाडाला पसरायला मोकळीक मिळाली.

कँटरबरीत काटे असूनही उपयोग झाला नाही. गवताळ माळ जाळले गेले, नांगरले गेले, मेंढ्यांची कुरणं झाली. उरलेल्या तुकड्यांत उंदीर आणि जाहक कुळातले हेजहॉग शिरले. १९२२नंतर हा भुंगा कुणाला दिसला नाही. तो नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. २००४ साली कँटरबरी विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीला बर्कस पासच्या राखीव जागेत टारामेआवर तो पुन्हा सापडला. ८२ वर्षांनी.

ही बातमी वाचली की आनंद होतो, आणि नकाशा पाहिला की काळजी वाटते. बर्कस पासची राखीव जागा टेकापोकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला आहे, लहानशी, भोवताली कुरणं. मांगेरेचा नियम इथे लावून पाहा. तिथे एक ताटवा संपला तर भुंगा दुसऱ्याकडे चालू शकतो. इथे दुसरा ताटवा असलाच तर रस्त्यापलीकडे, कुंपणापलीकडे, जिथे मेंढ्यांनी गवत दाताखाली घातलं आहे तिथे. त्याची एकच जागा उरली आहे. एखादा वणवा, एखादं वाईट वर्ष, की सगळंच संपलं. न्यूझीलंडच्या यादीत तो सर्वाधिक धोक्यातल्या गटात आहे आणि नंतरच्या शोधांत फार थोडे भुंगे सापडत आले आहेत. म्हणून त्याला वाचवायचं तर आहे त्या जागेला कुंपण घालून भागणार नाही. आसपास टारामेआ लावावी लागेल, आणि पहिली अनेक वर्षं त्या झाडांवर एकही भुंगा नसेल. ज्यांच्याकडे पैशाचा हिशेब असतो त्यांना हे समजावणं कठीण जातं, कारण रिकाम्या झाडांचा अहवालात आकडा देता येत नाही.

कायदा या भुंग्यांच्या बाजूने आहे. न्यूझीलंडच्या १९५३च्या वन्यजीव कायद्यात आधी फक्त पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना संरक्षण होतं. १९८०मध्ये काही कीटकांनाही ते मिळालं, त्यांत मोठे न उडणारे सोंडकिडे आहेत. एका सोंडकिड्याला मारणं तिथे गुन्हा ठरू शकतो. कीटकनाशकाच्या डब्यावर सोंडकिड्याचं चित्र पाहायची सवय असलेल्या आपल्याला याचं आश्चर्य वाटेल.

तरीही जागा दिली, कायदा दिला, उंदीर काढले की काम झालं असं नाही. वेलिंग्टनजवळच्या माना बेटावर उंदीरघुशी नाहीत. तिथे २००४पासून हाराकेके या वाखासारख्या वनस्पतीवर जगणारा एक मोठा न उडणारा सोंडकिडा आणून सोडला. हॅड्रॅम्फसचाच दूरचा नातलग. तो रुजला, आणि काही वर्षांत इतका वाढला की बेटावरची हाराकेके मोठ्या प्रमाणावर मरू लागली. काही जणांना ही मोहीम फसली असं वाटलं. मला तसं म्हणवत नाही. या घराण्याचं झाडाशी असलेलं नातं असंच आहे: वाढायचं, खाऊन संपवायचं, पुढे चालायचं. प्रश्न इतकाच की मानावर लागवड एकसलग आहे. ताटव्यांच्या मध्ये अंतर नाही, म्हणून एक भाग उजाड होत असताना दुसरा शांतपणे वाढत राहण्याची सोय नाही. यापुढे अशा भुंग्यांसाठी झाडं लावायची तर ती वेगवेगळ्या वर्षी, अंतर राखून, तुकड्यातुकड्यांत लावावी लागतील, आणि दोन तुकड्यांमधलं अंतर एका भुंग्याला रात्रीत चालून जाता येईल तेवढंच ठेवावं लागेल.